पोटरीच्या मशीनला पहिला नंबर: चाळिशीपुढच्या धावकानं जिममधली कोणती यंत्रं वापरावी

नागपुरातल्या कुठल्याही वस्तीतल्या जिममध्ये डोकवा. आरशासमोर डंबेलचा रॅक, मधोमध बेंच प्रेस, खिडकीशी ट्रेडमिलची रांग. आणि कुठंतरी कोपऱ्यात, ज्याच्या दांड्यावर हमखास कुणाचा तरी टॉवेल वाळत असतो, असं एक बुटकं मशीन: बसून टाचा उचलायचं, सीटेड काफ रेझ. त्यावर कोणी बसलेलं दिसलं तर नवल. या परीक्षणात पहिला नंबर त्याचा आहे. दुसरा लेग प्रेसचा, तिसरा लेग कर्लचा. बाकीच्यांतली काही अडीनडीला कामाची, काही नुसती जागा अडवणारी.

हे कुणासाठी लिहिलंय ते आधी सांगतो. वय चाळीस ते साठ. आठवड्याला 30 ते 60 किलोमीटर धाव. सकाळी अंबाझरी, फुटाळा, सिव्हिल लाइन्स, मन झालं तर सेमिनरी हिल्सचा चढ. हाफ मॅरेथॉन झालेली, फुल डोक्यात घोळतेय. छाती-दंड कमवायची हौस नाही, पण आणखी वीस वर्षं धावत राहायचंय. अशा माणसानं जिमचे पैसे भरताना प्रत्येक यंत्राला एकच कसोटी लावावी: धावण्यातून जे मिळत नाही, ते हे देतं का?

‘रोज दहा किलोमीटर पळतो, पायांना आणखी वेगळा व्यायाम कशाला?’ असं धावकच विचारतात. पायाच्या स्नायूत दोन तऱ्हेचे तंतू असतात. एक संथ, चिवट, तासन्‌तास न दमणारे. दुसरे झटक्यात जोर लावणारे, पण लवकर थकणारे. आरामशीर लांब धावेत शरीर पहिल्यांकडूनच काम भागवतं. दुसऱ्यांना बोलावणं जातं ते जोर फार लागला तरच. आणि वयानुसार जास्त बारीक होतात ते नेमके हे दुसरे. म्हणून दम शाबूत राहतो, 21 किलोमीटर आरामात होतात, पण पावलाची लांबी दरवर्षी थोडी थोडी घटते, चढावर पाय ढकलत नाहीत आणि ठेच लागली तर सावरायला वेळ लागतो. स्नायू जेवढा आटतो त्याहून ताकद लवकर उतरते, आणि झटका देण्याची क्षमता त्याहून लवकर. या घसरणीला सार्कोपेनिया हे नाव 1989 मध्ये अमेरिकी संशोधक आयर्विन रोझेनबर्ग यांनी सुचवलं. उशीर झाला म्हणून हात झटकायचं मात्र कारण नाही: 1990 मध्ये अमेरिकेत नव्वदीच्या घरातल्या मोजक्या वृद्धांना आठ आठवडे पायांचा जड वजनांचा व्यायाम दिला, तेव्हा त्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. पन्नाशीचा माणूस त्यापुढे पोरच.

आता पोटरीकडे. आरशात दिसणारा पोटरीचा फुगीर स्नायू गुडघ्याच्या वरून निघतो. त्याच्याखाली दडलेला चपटा, रुंद सोलियस गुडघ्याच्या खालून निघतो. दोघं मिळून टाचेमागच्या जाड शिरेत, म्हणजे अकिलीस टेंडनमध्ये उतरतात. धावताना प्रत्येक पावलाला सोलियसवर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट जोर येतो असा बायोमेकॅनिक्सचा, म्हणजे शरीराच्या हालचालींमागचे जोर मोजणाऱ्या शास्त्राचा, अंदाज आहे. 70 किलोचा माणूस धरा, म्हणजे चारशे ते साडेपाचशे किलोपर्यंत. किलोमीटरमागे एका पायाची साधारण पाचशे पावलं. मांडीच्या पुढच्या स्नायूवर याहून कमी जोर येतो, तरी जिममध्ये सगळे मांडीच्याच मागे लागलेले. चाळिशीनंतर पोटरीत चमक, अकिलीस धरणं, टाच दुखणं या तक्रारी वाढतात त्या उगाच नाही.

गुडघा वाकवला की वरचा फुगीर स्नायू सैल पडतो आणि भार सोलियसवर जातो. बसून टाचा उचलण्यात एवढीच हुशारी आहे, आणि ती उभ्यानं केलेल्या व्यायामात पूर्ण येत नाही.

मशीन लावून घेणं महत्त्वाचं. गादी गुडघ्याच्या वाटीवर नको आणि मांडीच्या मध्यावरही नको. वाटीच्या चार बोटं मागे हवी. वाटीवर ठेवली तर सांधा दुखतो, फार मागे ठेवली तर गादी घसरते. उंचीची पिन अशी लावा की टाच पूर्ण खाली गेल्यावरही गादीचा भार मांडीवर टेकलेला राहील. पायरीवर फक्त चवडा, अंगठ्याच्या मुळाशी असलेला उंचवटा पायरीच्या कडेच्या आत. मग टाच वर नेऊन भार उचलायचा, आणि तेव्हाच अडसराचं हँडल बाजूला सारायचं. सेट, म्हणजे न थांबता केलेला एक फेरा, संपल्यावर हँडल आधी परत लावायचं, नंतर टाचा सोडायच्या. उलटं केलं की प्लेटांसकट सगळं ओझं मांडीवर आदळतं.

गती मोजून: दोन सेकंदांत वर, टोकाला एक सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली. तळाशीही क्षणभर थांबायचं. इथंच बहुतेक लोक चुकतात. तळाला न थांबता उसळी घेतली की अकिलीस टेंडन रबरासारखं ताणून परत फेकतं आणि स्नायूला आयतं मिळतं. अशा उसळ्यांचे पन्नास रेप (एकदा वर-खाली म्हणजे एक रेप) आणि थांबून केलेले आठ, यांत दुसरेच खरे. दुसरी चूक अर्ध्या उंचीची: वजन जास्त लावलं की टाच वरच्या टोकाला जातच नाही. तिसरी, वर जाताना घोटा बाहेर कलंडणं. भार करंगळीकडे गेला की बाजूच्या शिरा दुखतात. भार अंगठा आणि दुसऱ्या बोटाच्या रेषेत हवा. आणि धावायचे जाड, मऊ तळव्याचे बूट इथं घालू नका. तळवा दबतो, चवडा पायरीवर स्थिर राहत नाही. सपाट तळव्याचे साधे कॅनव्हासचे बूट उत्तम.

किती करायचं? पहिले दोन आठवडे 15 चे तीन सेट, शेवटच्या रेपनंतर आणखी तीन जमले असते असं वाटेल एवढं वजन. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात 10 चे चार. सातव्यापासून बाराव्यापर्यंत 6 ते 8 चे चार, आणि वजन असं की शेवटी दोनच उरावेत. सेटच्या मध्ये दोन मिनिटं पूर्ण थांबायचं. सगळे रेप स्वच्छ झाले की पुढच्या वेळी अडीच किंवा पाच किलो वाढवा. 70 किलोच्या, कधी वजन न उचललेल्या धावकाला दोन्ही पायांना मिळून 20 ते 30 किलोच्या प्लेटांपासून सुरुवात झेपते. एक गोष्ट लक्षात ठेवा: हे तरफेचं यंत्र आहे. गादी आणि प्लेट टेकूपासून किती लांब आहेत त्यावर खरा भार ठरतो, आणि ते अंतर मशीनगणिक बदलतं. धरमपेठेतल्या जिममधले 40 किलो आणि मानेवाड्यातल्या जिममधले 40 किलो एकच नव्हेत. जिम बदलला की वहीत नवं पान.

इथं एक तक्रार. जिमचा ट्रेनर पांढरे केस बघून सांगतो, ‘काका, तुम्ही हलकंच मारा, वीस-वीसचे.’ काळजीपोटी सांगतो, पण धावकाला हा सल्ला उपयोगाचा नाही. हलकं आणि पुष्कळ वेळा हे काम तर तो रोज रस्त्यावर करतोच, किलोमीटरला पाचशे वेळा. त्याला जे मिळत नाही ते म्हणजे जड आणि थोडकं. पहिले दोन आठवडे शिरांना सवय लागेपर्यंत हलकं ठीक. पुढे सांभाळून, पण जडच.

अकिलीस आधीच दुखत असेल तर दुखतं कुठं ते बोटानं चाचपून बघा. टाचेच्या हाडाच्या दोन ते सहा सेंटिमीटर वर, शिरेच्या मधल्या भागात दुखत असेल तर टाच पायरीखाली न्यायला हरकत नाही. पण शीर हाडाला चिकटते तिथंच दुखत असेल, तर टाच खाली गेली की शीर हाडावर दाबली जाते आणि दुखणं वाढतं. अशांनी टाच पायरीच्या पातळीपर्यंतच आणायची. व्यायाम करताना दहापैकी तीन-चार एवढं दुखणं चालतं, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना ते आदल्या दिवसापेक्षा जास्त नसावं. जास्त असेल तर वजन उतरवा. व्यायाम बंद करू नका. पोटरी सुजून लाल-गरम झाली असेल, किंवा ‘मागून कुणी काठी मारली’ असं वाटून पाय एकदम लुळा पडला असेल, तर जिम राहू द्या, थेट डॉक्टरकडे.

हे मशीन जिममध्ये नसेल तर स्मिथ मशीनवर, म्हणजे ज्याचा बार उभ्या रुळांवर वर-खाली सरकतो त्यावर, जुगाड होतो. बारला जाड टॉवेल किंवा फोम गुंडाळा, समोर बेंच ठेवून बसा, बार मांडीवर घ्या, चवड्याखाली आठ-दहा सेंटिमीटरचा लाकडी ठोकळा. दोन प्लेटा एकावर एक ठेवूनही चालतं, पण त्या घसरतात. स्मिथच्या बारचं वजन बहुतेक ठिकाणी मोकळ्या बारच्या 20 किलोंपेक्षा कमी असतं. सामान तोलायचा हूकचा काटा अडकवून एकदा मोजून घ्या.

काहीच नसेल तर पायरी आहेच. 1998 मध्ये स्वीडनच्या हाकान आल्फ्रेडसन या डॉक्टरांनी अकिलीसच्या जुनाट दुखण्यासाठी नेमका हाच उपाय तपासला. हौशी धावक 15, सरासरी वय 44. दोन्ही पायांनी वर, दुखऱ्या एका पायानं सावकाश खाली. गुडघा सरळ ठेवून 15 चे तीन आणि गुडघा किंचित वाकवून 15 चे तीन, दिवसातून दोनदा, 12 आठवडे. म्हणजे दिवसाला 180 वेळा. शस्त्रक्रियेच्या रांगेतले ते सगळे परत धावायला लागले. पुढच्या काळात आठवड्यातून तीनदा, जड आणि सावकाश, अशीही पद्धत तपासली गेली आणि तीही तेवढीच उपयोगी ठरली. नोकरी-धंदा करणाऱ्या माणसाला तीच जास्त पाळता येते.

स्वतःची परीक्षा घ्यायची तर जिममध्ये न जाताही होते. भिंतीला दोन बोटं टेकून एका पायावर उभे राहा, गुडघा सरळ, टाच पूर्ण वर, पूर्ण खाली, दोन सेकंदांना एक. फिजिओथेरपीत 25 हा जुना मापदंड आहे. पंधराच्या आत पाय थांबला, किंवा उजव्या-डाव्यात पाचहून जास्त फरक निघाला, तर या मशीनची गरज तुम्हाला आहे, मग मागच्या रविवारी कितीही किलोमीटर झाले असोत. आमच्याकडून दहापैकी साडेनऊ. अर्धा गुण उडाला तो गादीच्या रेक्झिनसाठी; फाटलेली गादी मांडीला कापते.

लेग प्रेसकडे वळू. 45 अंशांत तिरपा पाठ टेकवून, पायांनी गाडा वर ढकलायचा. चाळिशीपुढच्या नवख्यासाठी याचा मोठा फायदा म्हणजे कंबरेला ओझं तोलावं लागत नाही. बार खांद्यावर घेऊन स्क्वॉट, म्हणजे उठाबशा, शिकायला दोन महिने जातात. इथं पहिल्याच आठवड्यात मांडी आणि नितंबांना खरंखुरं जड काम देता येतं. उणीव हीच: तोल सांभाळायचं शिक्षण शून्य.

आकड्यांवर भुलू नका. गाडा उतारावर असल्यामुळे 100 किलोंतले साधारण 71 किलोच पायांवर येतात. वर रुळांचं घर्षण, जे ग्रीस वाळलेल्या मशीनवर चांगलंच जाणवतं. आणि रिकाम्या गाड्याचं वजनही धरायचं असतं, ते अनेक मशीनवर 30 ते 50 किलो भरतं. पाय खांद्याइतके रुंद, फळीच्या मधोमध. पाय वर सरकवले की नितंब आणि मांडीची मागची बाजू जास्त काम करते, खाली सरकवले की पुढची बाजू आणि गुडघ्याची वाटी. वाटीमागे दुखणाऱ्यानं वरच ठेवावेत.

खाली कुठवर यायचं? नितंब गादीवरून सुटायला लागले की तिथंच हद्द. ते सुटले की कंबर गोल होते आणि मणक्यांमधल्या चकत्यांवर नको तसा दाब येतो. लेग प्रेसनं कंबर धरली म्हणणाऱ्यांत बहुतेकांची गडबड हीच. वर गेल्यावर गुडघे कडक ताठ करू नका. हातांनी गुडघे ढकलून मदत करू नका. तसं करावं लागतंय म्हणजे प्लेट जास्त झाल्या. 8 चे तीन सेट दोन्ही पायांनी, सहा आठवड्यांनंतर दोन सेट एकेका पायानं. एका पायाला निम्म्याहून थोडं कमी वजन घेऊन सुरू करा. उजवा आणि डावा यांतला फरक इथं उघडा पडतो, दोन पायांत तो लपतो.

रक्तदाबाचं मात्र गंभीरपणे घ्या. 1985 च्या एका प्रयोगात, दोन्ही पायांनी जास्तीत जास्त जोर लावून लेग प्रेस करणाऱ्या बॉडीबिल्डरांचा धमनीतून थेट मोजलेला दाब सरासरी 320 वर 250 भरला होता. एकाचा 480 च्याही वर. ते तरणेबांड गडी, तेही श्वास कोंडून, पाय थांबेपर्यंत. म्हणून ढकलताना तोंडानं श्वास सोडायचा, परत येताना घ्यायचा, आणि दोन रेप शिल्लक ठेवून सेट थांबवायचा. बीपीची गोळी चालू असेल, हृदयाचा किंवा डोळ्याच्या पडद्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना ‘जिम करू का’ असं मोघम न विचारता ‘जड लेग प्रेस करू का’ असं विचारा. उत्तर वेगळं येऊ शकतं.

लेग कर्ल म्हणजे वजनाविरुद्ध गुडघा वाकवून टाच मागे ओढायची. ते दोन प्रकारचं: पालथं झोपून आणि बसून. दोन्ही असतील तर बसायचंच घ्या. बसल्यावर कंबरेत पाय दुमडलेला असतो, त्यामुळे मांडीमागचे स्नायू ताणलेल्या लांबीत काम करतात आणि जास्त वाढतात. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 12 आठवड्यांच्या तुलनेत बसून केलेल्या पायात वाढ सुमारे 14 टक्के, पालथ्यात 9. मोहल्ल्याच्या जिममध्ये बहुधा पालथंच मिळतं. हरकत नाही, फक्त ओढताना नितंब वर उचलले जाऊ देऊ नका. मशीनची धुरी गुडघ्याच्या सांध्याच्या रेषेत, रोलर टाचेच्या जरा वर. 8 ते 10 चे तीन सेट, परत सोडताना तीन सेकंद. पोटरीला गोळा आला तर पायाची बोटं आत ओढायचं थांबवा, घोटा सैल सोडा. धावकाला याचा उपयोग वेग वाढवताना होतो: पाय पुढं फेकला की त्याला लगाम घालायचं काम हेच स्नायू करतात, आणि ट्रॅकवर चारशे मीटरचे फेरे सुरू केले की आधी हेच ओरडतात.

लेग एक्स्टेन्शन, म्हणजे बसून पाय सरळ करायचं, नागपुरात काय आणि कुठंही काय, सगळ्यांचं लाडकं. बसायला सोपं, मांडी लगेच पेटते. धावकाला मध्यम उपयोगाचं. पाय सरळ होत जाईल तसा वाटीमागे दाब वाढतो, त्यामुळे वाटी दुखणाऱ्यानं काटकोनापासून अर्ध्यापर्यंतच वर यावं. वाटीखालची शीर दुखत असेल तर याचा एक चांगला वापर आहे: गुडघा साधारण 60 अंशांत वाकलेला ठेवून जड वजन 45 सेकंद नुसतं धरून ठेवायचं, पाच वेळा, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. काही जणांचं दुखणं यानं लगेच उतरतं आणि पुढचा व्यायाम करता येतो. एरवी लेग प्रेस झाल्यावर वेळ उरला तरच.

मांड्या बाहेर-आत करायची जोडमशीनं सोडून दिली तरी चालेल. कंबरेच्या बाजूचा स्नायू धावताना उभ्या शरीराला तोलतो; बसून, पाय दुमडून ढकलण्यानं त्याला ते काम नीट शिकवता येत नाही. त्याऐवजी 20 सेंटिमीटरच्या पायरीवरून एका पायानं सावकाश खाली उतरा, टाच जमिनीला टेकवून परत वर, आरशात बघत. गुडघा आत पडतोय का तेवढं पाहायचं. 8 चे तीन. कंबरेला पट्टा लावून थरथरवणारं ते यंत्र कुणाकडे अजून असेल तर त्याचा उपयोग फक्त गुदगुल्यांना.

ट्रेडमिलसाठी म्हणून जिम लावणाऱ्यांना थोडं सांगायला हवं. तो पाय मजबूत करत नाही, धावण्याची सोय करतो, आणि नागपुरात ती सोय मोलाची आहे. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, पहाटे पाचलाही अंगाला वारा गरम लागतो. शिवाय सेमिनरी हिल्स सोडलं तर गाव तसं सपाट. चढाचा सराव हवा तर ट्रेडमिल 6 ते 8 टक्के उंचावून 2 मिनिटांचे सहा तुकडे पळता येतात. सपाट धावेसाठी 1 टक्का चढ ठेवला की बाहेरच्या श्रमाशी जुळतं, हे 1996 मध्ये मोजलेलं आहे, आणि तेही ताशी साडेदहा किलोमीटर किंवा त्याहून जास्त वेगाला. त्याहून हळू पळणाऱ्यानं शून्यावर ठेवलं तरी काही बिघडत नाही. उताराचा सराव मात्र त्यावर होत नाही, आणि स्पर्धेत मांड्या फुटतात त्या उतारावर. ओढली गेली की पट्टा थांबवणारी लाल दोरीची चिमटी शर्टाला लावा. लाइट गेली की पट्टा एकदम थांबतो आणि माणूस पुढच्या दांड्यावर जातो. पाऊल टेकल्यावर पट्टा क्षणभर अडल्यासारखा वाटला तर तो सैल आहे किंवा फळीवरचं सिलिकॉन तेल सुकलंय. त्या मशीनवर पळू नका, पोटरीला भलत्या वेळी झटका बसतो.

बागांमध्ये बसवलेल्या फुकटच्या उघड्या जिमलाही धावून जाणारे पुष्कळ. तिथल्या पाय ढकलायच्या खुर्चीत ओझं म्हणजे तुमचंच अंग. वाढवता येत नाही, त्यामुळे तीन आठवड्यांत तिचं देणं संपतं. झोके घेत चालायचं ते यंत्र गप्पांना छान. मात्र त्याच बागेतली दगडी पायरी आणि सिमेंटचा बाक ही खरी साधनं: पायरीवर एका पायाच्या टाचा, बाकावर मागचा पाय ठेवून स्प्लिट स्क्वॉट (पुढच्या पायावर खाली-वर होणं), पाठीवरच्या बॅगेत दोन लिटरच्या पाण्याच्या चार बाटल्या म्हणजे आठ किलो. उन्हाळ्यात आठच्या आत उरका, लोखंड चटके देतं.

रबरी लूप बँडबद्दल विचारणा नेहमी होते. वॉर्मअपला ठीक. पण ताण सुरुवातीला कमी आणि शेवटी जास्त, शिवाय किती किलो ते कळत नाही. लॅटेक्सचा बँड बाल्कनीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवला तर आपल्या उन्हात एका मोसमात बारीक तडे जातात, आणि तुटतो तो चेहऱ्याकडे. दोरीवरच्या उड्या त्याहून स्वस्त आणि पायाच्या झटक्यासाठी त्याहून चांगल्या. पण सहा-आठ आठवडे टाचांचा जड व्यायाम झाल्यावरच, 20 उड्यांचे चार तुकडे, गुडघा फार न वाकवता. आधीच सुरू केल्या तर अकिलीस धरलीच समजा.

आठवड्यात किती वेळा? दोनदा पुरे. ज्या सकाळी वेगाची धाव असेल त्याच दिवशी संध्याकाळी जिम करा, मध्ये किमान सहा तास जाऊ द्या. कष्टाचे दोन्ही प्रकार एका दिवसात आले की दुसरा दिवस खरोखर आरामाचा उरतो. रविवारी लांब धाव असेल तर शनिवारी पायांना हात लावू नका. स्नायूंची ठणक 24 ते 72 तासांत कधीही टोक गाठते, आणि जिना उतरताना कठडा धरावा लागणारा माणूस 25 किलोमीटर नीट पळू शकत नाही.

वर्षाचा हिशेब नागपूरच्या हवेवर बसवा. स्पर्धा आणि लांब धावेचे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. म्हणून वजनांचा जड हंगाम एप्रिल ते सप्टेंबर: उन्हानं आणि नंतर पावसानं धाव कमी होतेच, तोच वेळ जिमला द्या. ऑक्टोबरपासून आठवड्यातून एकदाच, वजन तेवढंच ठेवून सेट निम्मे; कमावलेली ताकद एवढ्यानं टिकते. स्पर्धेच्या आधीचे दहा दिवस पायांचं जिम बंद. जानेवारीच्या ऑफरमध्ये वर्षाचे पैसे भरण्यापेक्षा एप्रिलात सहा महिन्यांचे भरलेले धावकाला जास्त वसूल होतात.

खाण्याचं थोडक्यात. शरीराच्या किलोमागे 1.2 ते 1.6 ग्रॅम प्रथिनं, म्हणजे 70 किलोला रोज 84 ते 112 ग्रॅम, आणि चाळिशीनंतर ती एकाच जेवणात न कोंबता दर जेवणात 25 ते 30 ग्रॅम अशी वाटून. धाव संपल्यावरची तर्री-पोह्याची प्लेट जीव शांत करते, स्नायूला तिच्यातून फारसं काही पोचत नाही. सोबत दोन उकडलेली अंडी घेतली तर 12 ग्रॅम येतात. 50 ग्रॅम सोयाबीन वडीत 25 च्या आसपास, आणि सोयाबीन तर आपल्या विदर्भाचंच पीक. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे आकडे तुमच्यासाठी नाहीत.

पैसे भरायच्या आधी एक दिवसाची ट्रायल मागा आणि ज्या वेळी रोज जाणार त्याच वेळी जा. सकाळच्या गर्दीत लेग प्रेस रिकामा मिळतो का ते दुपारी कळत नाही. लेग प्रेसचे खालचे अडसर दोन्ही बाजूंना आहेत का, गाडा रुळावर खरडतो का, केबलच्या तारा कप्पीपाशी उसवल्यात का, बघा. अडीच आणि सव्वा किलोच्या छोट्या प्लेटा आहेत का ते विचारा. थेट पाचवरून दहावर उडी मारावी लागली तर टाचेच्या शिरेला ती महागात पडते. ओतीव लोखंडी प्लेटांवर कोरलेला आकडा आणि काट्यावरचं वजन दर वेळी जुळतं असं नाही, म्हणून रोज शक्यतो त्याच प्लेटा उचला. मग त्या कोपऱ्यातल्या बुटक्या मशीनवर बसा, पिन वर-खाली करून बघा, हँडल मोकळं फिरतं का पाहा. जाम असेल आणि मालक ‘करून देतो’ म्हणाला, तर आधी करून घ्या, मग पावती फाडा.